फुल सस्पेन्शन सायकल: खड्डा आला की गियर आपोआप बदलतो, काय करावं?

तर्रीवाला (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचत होतो, आज अडलं म्हणून लिहून राहिलो. चूकभूल सांभाळून घ्या.

सायकल फुल सस्पेन्शन आहे, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉक, सेकंड हँड घेतलेली. मागे १२० मिमी ट्रॅव्हल, म्हणजे चाक तेवढं वर दबते. पुढे एकच चकती ३२ दातांची, मागे शिमानो देओरे १० स्पीड, कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) ११ ते ४२ दातांची. फ्रेमचा ब्रँड मुद्दाम सांगत नाही, नाहीतर धागा तिकडेच जाईल अन् माझा गियर राहील बाजूला.

त्रास असा. डांबरी रस्त्यावर लोणी आहे लोणी. मनीषनगरहून निघतो, हिंगण्यापर्यंत एक खट्ट नाही. झिलपीकडे मुरमाच्या कच्च्या रस्त्याला लागलो की सुरू. खड्ड्यात मागचं चाक आपटलं की खडखड होते, चेन शेजारच्या चकतीवर चढते अन् कधी लगेच परत येते, कधी तिथेच राहते. बोट शिफ्टरला लावलेलं नसते, आईशप्पथ. सेमिनरी हिल्सच्या चढावर जोर लावला तरी गियर उडते, म्हणजे खड्डा नसतानासुद्धा.

दुकानात तीनदा ट्यूनिंग करून झालं. प्रत्येक वेळी स्टँडवर एकदम फसक्लास, बाहेर आणली की पुन्हा तेच. आता ते म्हणतात डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) गेला, नवीन टाका, चार-साडेचार हजार. टाकू का? बायकोला अजून सांगितलेलं नाही.

पुणेरी_पॅडल | शनिवार, रात्री १०.०५

इंडेक्सिंग बिघडलंय, म्हणजे एका क्लिकला एक गियर हे जुळणं, दुसरं काही नाही. शिफ्टरजवळचा बॅरल (तारेचा ताण कमीजास्त करायचा स्क्रू) अर्धा-अर्धा फेरा फिरवत जा, बसेल. यूट्यूबवर पन्नास व्हिडिओ आहेत.

झिलपीकर | शनिवार, रात्री १०.२०

भाऊ, त्याच रस्त्यावर मी दर रविवारी असतो. माझी हार्डटेल आहे, मागे शॉकच नाही, असं कधीच होत नाही. उपाय सांगू? विकून टाका अन् हार्डटेल घ्या. हलके घ्या.

उलटा_पाना | शनिवार, रात्री ११.१०

डिरेलर घेऊ नका, थांबा. आधी तीन प्रश्नांची उत्तरं द्या, पण आठवून नाही, उद्या सायकल चालवून.

एक, खड्ड्यावर चेन कुठल्या बाजूला जाते? नेहमी मोठ्या चकतीकडे, नेहमी छोट्या, की कधी इकडे कधी तिकडे?

दोन, चढावर जे होतं त्यात चेन खरंच दुसऱ्या चकतीवर जाते, की त्याच चकतीवर दात सोडून पुढे घसरते? दोन्हीत पायाला सारखाच झटका बसतो, पण दोन्ही वेगळे आजार आहेत. घसरत असेल तर झिजलेली चेन किंवा झिजलेले दात.

तीन, हे सगळं कधीपासून? सायकल घेतल्या दिवसापासून, की मधे काही काम करून घेतल्यानंतर?

पुणेरी_पॅडल, इंडेक्सिंग बिघडलं असतं तर हिंगण्यापर्यंतच्या डांबरावरही कुरकुर झाली असती. स्टँडवर चांगलं आणि खड्ड्यावर वाईट, याचा अर्थ स्टँडवर जे होत नाही ते खड्ड्यात होतंय. आणि फुल सस्पेन्शन स्टँडवर दबत नाही. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी चाललंय सगळं. (नागपूरकरांना रामेश्वरी तरी जवळ पडेल.)

तर्रीवाला | रविवार, दुपारी १२.३०

पाना भाऊ, सकाळीच जाऊन आलो.

एक: खड्ड्यावर दर वेळी मोठ्या चकतीकडे. अकरा वेळा झालं, अकराही वेळा मोठीकडे. बहुतेक मधल्या गियरमध्ये, चौथा ते सातवा. सगळ्यात मोठ्या चकतीवर असताना एकदाही नाही.

दोन: चढावर मात्र दोन्हीकडे. कधी वर जाते, कधी खाली पडते. चकती बदलते हे नक्की, मी मान खाली घालून पाहात होतो. त्या नादात एका मॉर्निंग वॉकवाल्या काकांना धडकता धडकता वाचलो. त्यांनी जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही.

तीन: पावसाळ्याआधी सगळं ठीक होतं. जुलैत पार्किंगमध्ये उंदरांनी गियरची केबल कुरतडली, ती बदलून घेतली. त्याच वेळी पूर्ण सर्व्हिसिंगही करून घेतलं, मागचा हब (चाकाचा मधला फिरता भाग) खोलून ग्रीस वगैरे. मग पाऊस, सायकल बंद. दसऱ्यानंतर काढली तेव्हापासून ही कटकट.

गियर_गुरुजी | रविवार, दुपारी १.१५

माझ्या मते हँगर वाकला आहे. डिरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर टांगलेला असतो तो हँगर. तो मुद्दामच मऊ धातूचा करतात, सायकल पडली तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी म्हणून. सायकल उजव्या बाजूला नुसती कलंडली तरी वाकतो. डोळ्यांना दिसत नाही, गेज लागतो. गेज चाकाभोवती फिरवून रिमपासूनचं अंतर चार ठिकाणी बघायचं. फरक ४ मिमीच्या आत असेल तर पास.

चेनही मोजा. १० स्पीडला ०.७५ टक्के झिजली की बदलायची, ११ आणि १२ स्पीडला ०.५ टक्क्यालाच.

उलटा_पाना | रविवार, दुपारी २.००

गुरुजींशी सहमत, दोन्ही तपासा, फुकटातलं काम आहे. पण मला नाही वाटत. वाकलेला हँगर डांबर आणि मुरूम असा भेदभाव करत नाही.

तर्रीवाला, तुमच्या उत्तरात मला दोन वेगवेगळे आजार दिसतायत. खड्ड्यावरचा एकाच दिशेने जातो, चढावरचा दोन्ही दिशांनी. एकाच कारणाने असं सहसा होत नाही. चढावरचा तूर्त बाजूला ठेवा. खड्ड्यावरचा संशय सांगतो, जरा लांबण लागेल.

तुमच्या डिरेलरमध्ये तार ओढली की चेन मोठ्या चकतीकडे, तार सोडली की स्प्रिंग छोटीकडे नेते. म्हणजे खड्ड्यात कोणीतरी तुमची तार ओढतंय. किती? शिमानोच्या १० स्पीड माउंटन शिफ्टरच्या एका क्लिकला तार साधारण ३.४ मिमी सरकते आणि त्यावर डिरेलर एक चकती पार करतो. कॅसेटवर दोन चकत्यांमधलं अंतर ३.९५ मिमीच्या आसपास. म्हणजे तार एक मिमी जास्त ओढली गेली तर डिरेलर सव्वा मिमीच्या आसपास हलतो. दीड-दोन मिमी ओढ बसली की चेन दोन चकत्यांच्या मधे, आणि ती चढायला बघणारच. शिफ्टरला हात लावायची गरजच नाही. सगळ्यात मोठ्या चकतीवर होत नाही, कारण तिथे लिमिट स्क्रू, म्हणजे डिरेलरची हद्द ठरवणारा स्क्रू, त्याला पुढे जाऊच देत नाही. हेही जुळतंय.

आता दोन मिमी ओढणारा कोण? हार्डटेलमध्ये शिफ्टरपासून डिरेलरपर्यंत फ्रेम एकसंध. तुमच्या सायकलीत फ्रेमचा मागचा त्रिकोण पिव्होटवर, म्हणजे बिजागरीसारख्या सांध्यावर, फिरतो. शॉक दबला की मागचा भाग वर येतो आणि पुढच्या फ्रेमवरची केबलची जागा व मागची जागा यांतलं अंतर बदलतं. आऊटर, म्हणजे तारेवरची बाहेरची नळी, लांब आणि मोकळा असेल तर तो नुसता वाकतो, आतल्या तारेला पत्ताही लागत नाही. पण आऊटर आखूड कापला असेल, किंवा पिव्होटच्या दोन्ही बाजूंना केबल टायने करकचून बांधला असेल, तर शॉक दबला की तो ताणतो आणि त्याचं टोक ज्या कपात बसतं त्यातून बाहेर ओढलं जातं. आऊटर बाहेर आला म्हणजे तारेला तेवढंच जास्त अंतर कापावं लागतं. परिणाम तार ओढल्यासारखाच. शॉक सुटला की आऊटर परत जागेवर आणि चेनही. तुम्ही लिहिलंय ना, कधी लगेच परत येते.

बघायचं असं. शॉकची हवा किती आहे ते शॉक पंपाने मोजून लिहून ठेवा. मग हवा एकदम सोडू नका. थोडी सोडा, सायकल दोन-चारदा दाबा, पुन्हा थोडी. एकदम सोडली तर आतल्या दुसऱ्या, उलट दिशेने ढकलणाऱ्या चेंबरमधली हवा शॉकला दाबलेल्या अवस्थेतच धरून ठेवते. हवा गेली की सीटखाली दोरी बांधून सायकल टांगा, मागचं चाक हाताने पूर्ण वर उचला आणि आऊटरकडे बघा. पेडल फिरवत उचललं तर आणखी चांगलं. भूत डोळ्यांसमोर दिसेल.

चहा_कटिंग | रविवार, दुपारी ४.१०

डिरेलरवरच्या क्लचची, म्हणजे चेन ताणून धरणाऱ्या भागाची, छोटी दांडी ऑफ तर नाही ना? चाक काढताना बंद करतात आणि विसरतात. चेन फडफडून उडते मग.

उलटा_पाना | रविवार, दुपारी ४.२५

चांगली आठवण. पण क्लच बंद असेल तर चेन दोन्ही बाजूंना उडेल, पडेलसुद्धा. अकराही वेळा मोठीकडेच जाणार नाही.

पुणेरी_पॅडल | रविवार, संध्याकाळी ५.००

इतका खटाटोप करण्यापेक्षा नवीन सेट टाकला असता तर आत्तापर्यंत राइड झाली असती.

झिलपीकर | रविवार, संध्याकाळी ५.१०

पुणेकरांकडे पैसे हायेत बाप्पा. आमच्याकडे दोरी हाय.

तर्रीवाला | रविवार, रात्री ८.४०

दोरी हाय म्हणता म्हणता खरंच दोरी काढली. पाळण्याची, पोरीच्या लहानपणची. बाल्कनीच्या ग्रिलला सायकल टांगली. पोरीला टॉर्च धरायला उभं केलं.

शॉकमध्ये १६० पीएसआय होती, लिहून ठेवली. थोडी थोडी सोडली. पाचव्या गियरवर टाकून एका हाताने पेडल फिरवून राहिलो, दुसऱ्या हाताने चाक वर. पहिल्या निम्म्यापर्यंत काही नाही. पुढे चाक वर गेलं तसा पिव्होटजवळचा आऊटर, जो आधी थोडा ढिला दिसत होता, तो ताणून सरळ काडीसारखा झाला. अन् पोरगी ओरडली, "बाबा, तिकडे मागे बघा!" डिरेलरच्या मागच्या कपातून आऊटरचं टोक बाहेर येऊन राहिलं होतं. स्केल लावली, अडीच मिमी. तेवढ्यात खडखड झाली अन् चेन चढली. चाक खाली सोडलं, टोक आत, चेन परत.

तीन वेळा केलं. तिन्ही वेळा तेच. चौथ्यांदा पोरीने केलं, तिला जास्त मजा आली.

पिव्होटच्या दोन्ही बाजूंना चार बोटांच्या अंतरावर दोन केबल टाय आहेत, आऊटरमध्ये रुतलेले. हँगर शेजारच्या एका भाऊच्या गेजने तपासला, फरक २ मिमी. चेन ०.५ च्या पुढे गेलीय, ०.७५ नाही. म्हणजे गुरुजी, दोन्ही पास.

फोटो जोडले आहेत. पाना भाऊ, मानलं तुम्हाला.

उलटा_पाना | रविवार, रात्री ९.०५

मुलीला माझ्याकडून एक संत्रा बर्फी.

आता दुसऱ्या फोटोकडे या. डिरेलरच्या कपात शिरणारा तो आऊटर जाड दिसतोय आणि टोकाला टोपण, म्हणजे फेरूल, दिसत नाही. गियरचा आऊटर साधारण ४ मिमी जाडीचा असतो, फेरूल घालून कपात बसतो. तुमचा विनाफेरूल गच्च बसलेला दिसतो. टोक बाहेर काढून त्याचा छेद बघा. आत बारीक तारा उभ्या, आऊटरच्या लांबीला समांतर दिसतायत, की एकच चपटी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली?

तर्रीवाला | रविवार, रात्री ९.४०

स्प्रिंग. चपट्या तारेची स्प्रिंग. सुरीने वरचं प्लास्टिक थोडं सोललं, खाली सगळी गुंडाळीच गुंडाळी. व्हर्नियरने जाडी ५ मिमी.

उलटा_पाना | रविवार, रात्री ९.५५

अभिनंदन. तुमच्या गियरच्या तारेवर ब्रेकचा आऊटर चढवलाय.

फुटाळ्याचा_वारा | रविवार, रात्री १०.३०

मला एक कळलं नाही. आऊटर म्हणजे आऊटर. तार आतून गेल्याशी मतलब. त्याने गियर कसा बिघडेल?

जुनी_चेन | रविवार, रात्री ११.२०

हे मी सांगतो, कारण हा बदल मी डोळ्यांसमोर होताना पाहिला आहे. वय आता विचारू नका.

आमच्या वेळी रेसिंग सायकलला फ्रेमच्या खालच्या नळीवर दोन दांड्या असत. क्लिक वगैरे काही नाही. दांडी सरकवायची, कानाने ऐकायचं, चेन घासते आहे का, मग केसभर मागे-पुढे करायचं. तेव्हा तारेत एखाद मिमीची गडबड असली तरी हात ती आपोआप सांभाळून घेई. १९८४ साली शिमानोने ड्यूरा-एस या आपल्या रेसिंग सेटमध्ये एसआयएस आणलं, म्हणजे एक क्लिक, एक गियर. तेव्हा अंदाज लावणारा हात मधून गेला. क्लिकला जेवढी तार ओढायची तेवढीच ओढली गेली पाहिजे, ना जास्त ना कमी. त्यासाठी गियरचा आऊटर वेगळा झाला, आत उभ्या तारा असलेला. लांबीच्या दिशेने तो दबत नाही.

ब्रेकचा आऊटर स्प्रिंग आहे. वाकवला की बाहेरच्या बाजूची वेटोळी उघडतात, आतून जाणाऱ्या तारेचा मार्ग बदलतो. दाब आला की थोडा दबतोही. ब्रेकला त्याने फरक पडत नाही, तुम्ही बोटाने थोडं जास्त दाबता. गियरला मात्र एक-दोन मिमी म्हणजे अर्धा गियर.

उलट चूक जास्त वाईट, तेही सांगून ठेवतो. तारेच्या ब्रेकवर गियरचा आऊटर कधीच चढवू नका. जोरात ब्रेक दाबला की उभ्या तारा फाकून आऊटर फुटू शकतो, आणि ते उतारावरच होणार.

चहा_कटिंग | सोमवार, सकाळी ८.००

वाचनखूण साठवली. माझ्या सायकलचे आऊटर आजच सोलून बघतो. घरचे म्हणतील याचं डोकं फिरलं.

तर्रीवाला | सोमवार, सकाळी ९.१५

दुकानात गेलो होतो. भांडायच्या तयारीनेच गेलो होतो, खरं सांगतो. पण तिथला पोट्टा म्हणाला, "काका, त्या दिवशी गियरचा आऊटर संपला होता, तुम्ही म्हणाले आजच पाहिजे." अन् मी खरंच म्हणालो होतो. आठवलं. दुसऱ्या दिवशी अदासाला जायचं होतं. मग पाऊस आला अन् गेलोच नाही.

बरं, आता आऊटर मागवून मीच टाकतो. काय काळजी घेऊ?

उलटा_पाना | सोमवार, सकाळी १०.३०

आखूड कापण्याची चूक सगळेच करतात, कारण सायकल उभी असताना ताणलेला आऊटर दिसायला छान दिसतो. तुम्ही लांबी शॉक पूर्ण दबलेला असताना मोजा. तेव्हाही पिव्होटपाशी आऊटरला थोडी कमान राहिली पाहिजे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पुढची लांबीही बघा. पण फार लांबही नको, नाहीतर मागच्या टायरला किंवा तुमच्या पोटरीला घासेल.

कापायला चांगला केबल कटर घ्या. पक्कडने कापला तर टोक चेपतं आणि उभ्या तारा वाकड्या होतात. कापल्यावर टोक कानशीने सपाट करा, आतली प्लास्टिकची नळी चेपली असेल तर दाभणाने उघडा. मगच फेरूल. दोन्ही टोकांना.

पिव्होटजवळचा आऊटर बांधायचाच नाही असं नाही, तो फडफडला तर फ्रेमचा रंग जातो. टाय पिव्होटपासून लांब बांधा आणि ढिला, आऊटर त्यातून सरकला पाहिजे. आतली तार नवीन घाला, गियरची, १.२ मिमीची. जुनी ब्रेकच्या आऊटरमध्ये घासली असेल.

आणि शॉक भरताना एकदम १६० नको. थोडी भरा, दहा-बारा वेळा दाबा, पुन्हा भरा. शेवटी सायकलवर बसून सॅग, म्हणजे नुसत्या वजनाने शॉक किती दबतो ते बघा, साधारण पाव ट्रॅव्हल.

तर्रीवाला | शुक्रवार, रात्री १०.००

झालं. दोन संध्याकाळ गेल्या, पहिला आऊटर वाकडा कापला ते सांगत नाही.

आज गोरेवाड्याकडे नेली. मुद्दाम खड्डे शोधून घातली. मागचं चाक असं आपटलं की कंबरेनं कळवलं, पण चेन जिथली तिथं. खड्ड्यावरचं भूत गेलं.

पण परत येताना सेमिनरी हिल्स घेतली, तिथे चढावर पुन्हा तेच. उभा राहून जोर लावला की कट्, कट्, अन् चेन वर किंवा खाली. पाना भाऊ, तुम्ही म्हणालेच होते दोन आजार आहेत.

गियर_गुरुजी | शुक्रवार, रात्री १०.२५

मग पिव्होट ढिला आहे. जोर लावला की मागचा त्रिकोण आडवा लवतो, गियर उडतो. पिव्होटची बेअरिंग बदला. बेअरिंगवरच नंबर कोरलेला असतो. ६९०२ असेल तर १५ गुणिले २८ गुणिले ७ मिमी. तोच नंबर बेअरिंगच्या कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतो.

उलटा_पाना | शुक्रवार, रात्री ११.००

गुरुजी, इथे जरा अडतो. कॅसेट आणि डिरेलर दोन्ही मागच्या त्रिकोणावरच आहेत. त्रिकोण आडवा लवला तर दोघं एकत्र लवतील, एकमेकांच्या मानाने जागा बदलणार नाही. बदलते ती पुढच्या चकतीशी रेष, आणि केबलची ओढ. केबल आता मोकळी आहे. पिव्होट जरूर तपासा, ढिला असेल तर बेअरिंग खातो, पण माझं मन दुसरीकडे धावतंय.

चढावर, जोरात, दोन्ही दिशांनी. म्हणजे डिरेलर स्थिर आहे आणि कॅसेटच इकडे-तिकडे सरकते. आणि जुलैत हब खोलला होता.

तर्रीवाला, चाक सायकलमध्येच असू द्या. एका हाताने रिम धरा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी नुसती कॅसेट धरून आत-बाहेर हलवा. आधी सगळी, मग एकेक छोटी चकती.

तर्रीवाला | शनिवार, सकाळी ७.०५

हलते. छोट्या चकत्या तर बोटाने वाजतात, कट्कट्. रिम धरून हलवली तर रिममध्ये काही नाही, पिव्होटही घट्ट आहे.

उलटा_पाना | शनिवार, सकाळी ७.२०

लॉकरिंग. कॅसेटच्या शेवटी, सगळ्यात छोट्या चकतीवर जी दातेरी रिंग असते ती. हब खोलताना कॅसेट काढली असणार आणि बसवताना लॉकरिंग हातानेच आवळून सोडली असणार. तिला ४० न्यूटन मीटर लागतात, फार असतात. टॉर्क पाना नसेल तर हिशेब सोपा आहे. पान्याची दांडी पाव मीटर लांब असेल तर टोकावर साधारण सोळा किलोचा जोर. तांदळाची दहा किलोची गोणी उचलताना जेवढा लावता, त्याच्या दीडपटीहून थोडा जास्त.

लॉकरिंगचा टूल हवा. चाक बाहेर काढा. घट्ट करायला चेन व्हिप (कॅसेट धरून ठेवायचा चेनचा पाना) लागत नाही, त्या दिशेने फ्रीहब, म्हणजे कॅसेट बसते तो हबचा भाग, चाकाला पकडून ठेवतो. व्हिप फक्त सोडवायला. आवळताना शेवटी कर्र कर्र असा आवाज येईल, घाबरू नका, ते लॉकरिंगचे दाते आहेत.

पुणेरी_पॅडल | शनिवार, सकाळी ९.३०

बरं, मान्य. डिरेलर नव्हता. पण इंडेक्सिंग पुन्हा करावंच लागेल, हे तरी माझं बरोबर ना?

उलटा_पाना | शनिवार, सकाळी ९.४०

शंभर टक्के बरोबर. कॅसेट ढिली असताना केलेलं इंडेक्सिंग कशाला धरून करणार होते? आता करा, तुमच्याच पद्धतीने, बॅरल अर्धा-अर्धा फेरा.

तर्रीवाला | रविवार, सकाळी ११.५०

सेमिनरी हिल्स दोनदा, दुसऱ्यांदा पूर्ण उभा राहून. एक खट्ट नाही. त्याच चढावर तेच काका भेटले, या वेळी माझी मान वर होती. त्यांनी हात केला, मीही केला.

टूल गोकुळपेठेतल्या एका मित्राकडून आणला. लॉकरिंग पाऊण फेरा फिरली तेव्हा कुठे कर्र आवाज आला. म्हणजे चार महिने कॅसेट नुसती टांगलेली होती.

हिशेब: आऊटर, तार, फेरूल मिळून साडेतीनशे रुपये. तर्री पोहे वेगळे. डिरेलर जुनाच.

झिलपीकर | रविवार, दुपारी १२.१०

म्हणजे विकत नाही ना? मी गिऱ्हाईक शोधून ठेवला होता.

फुटाळ्याचा_वारा | रविवार, दुपारी १.००

धागाकर्ते, मागचा आऊटर किती सेंमी लागला? माझीही फुल सस्पेन्शन आहे, कापायच्या आधी अंदाज हवा.

तर्रीवाला | रविवार, दुपारी १.४५

माझा आकडा तुमच्या कामाचा नाही भाऊ, फ्रेमप्रमाणे बदलते. एवढं सांगतो की जुन्यापेक्षा नवीन सात सेंमी लांब निघाला. शॉकची हवा काढा, टांगा, चाक वर धरा अन् मग मोजा. टॉर्च धरायला पोरगी पाहिजे असेल तर आमची रविवारी मोकळी असते, फी संत्रा बर्फी.